घरच्या घरी पीसीबी: पहिल्या बोर्डाचं एचिंग आणि ड्रिलिंग

पीसीबी म्हणजे पार्ट जोडायला तांब्याच्या रेषा असलेला सर्किटचा बोर्ड. डिझाइनची फाइल पाठवून तो करून घेणं आता सोपं झालं आहे. पण सर्किट सकाळी सुचलं आणि संध्याकाळी ते चालताना बघायचं असेल, तर बोर्ड घरीच करावा लागतो. इथे टोनर ट्रान्सफरची पद्धत दिली आहे. लेझर प्रिंटरने कागदावर सर्किट छापायचं, इस्त्रीने ते तांब्यावर उतरवायचं, उघडं राहिलेलं तांबं फेरिक क्लोराइडच्या द्रावणात विरघळवायचं (हेच एचिंग) आणि मग भोकं पाडायची. सामान साधं आहे आणि जागा एका टेबलाएवढी पुरते.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. बोर्ड बिघडला की नवखा माणूस फेरिक क्लोराइडला दोष देतो: जुनं होतं, पातळ होतं, जास्त वेळ ठेवलं. बहुतेक वेळा बोर्ड त्याच्या आधीच बिघडलेला असतो, घासताना किंवा इस्त्री करताना. द्रावणात पडल्यावर ते फक्त दिसायला लागतं. म्हणून या दोन पायऱ्यांवर इथे जास्त जागा दिली आहे आणि तुम्हीही त्यांना जास्त वेळ द्या.

पहिला बोर्ड कोणता करावा

७८०५ चा, म्हणजे स्थिर ५ व्होल्ट देणाऱ्या तीन पायांच्या रेग्युलेटर आयसीचा, ५ व्होल्टचा पॉवर सप्लाय करा. पुढच्या प्रत्येक प्रयोगाला तो लागतोच, शिवाय त्यात वेगवेगळ्या मापांची भोकं येतात, त्यामुळे हात बसतो. सामान असं: १एन४००७ चे चार डायोड, १००० मायक्रोफॅरॅड २५ व्होल्टचा कॅपॅसिटर, १० मायक्रोफॅरॅडचा एक, ०.१ मायक्रोफॅरॅडचे दोन सिरॅमिक कॅपॅसिटर, एक ७८०५, एक एलईडी, तिच्यासाठी ४७० ओहमचा रेझिस्टर आणि दोन पिनांचे दोन टर्मिनल ब्लॉक. सगळं ६० × ४० मिमीच्या एकाच बाजूला तांबं असलेल्या बोर्डवर सहज मावतं. भोकं २७, आणि कोपऱ्यांतली स्क्रूची चार.

ट्रान्सफॉर्मर बोर्डच्या बाहेर ठेवा. बोर्डवर फक्त त्याचे ९ व्होल्ट एसी येऊ द्या. २३० व्होल्ट घरी केलेल्या पहिल्या बोर्डवर अजिबात आणू नका.

डिझाइन किकॅड या सॉफ्टवेअरमध्ये करा किंवा आलेखाच्या कागदावर पेन्सिलने काढा, पण मापं सैल ठेवा. ट्रॅक, म्हणजे तांब्याची रेषा, १ मिमी रुंद आणि दोन ट्रॅकमधली मोकळी जागा किमान ०.६ मिमी. ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्यावर १ मिमीचा ट्रॅक दीड-दोन अँपिअर सहज वाहून नेतो, म्हणजे या सप्लायला तो भरपूर झाला. पॅड, म्हणजे भोकाभोवतीचं सोल्डर करायचं तांबं, किमान २ मिमी व्यासाचे ठेवा, टर्मिनल ब्लॉकचे २.५ ते ३ मिमी. सॉफ्टवेअर आपणहून देतं ते पॅड बहुधा कारखान्यातल्या मशीनच्या हिशोबाचे असतात. हाताने भोक पाडताना बिट पाव मिलिमीटर सरकला की अशा पॅडची एक बाजू गेलीच म्हणून समजा.

मोकळ्या जागेत ग्राउंडचं, म्हणजे शून्य व्होल्टच्या बाजूचं, तांबं भरून ठेवा. जेवढं तांबं कमी काढायचं तेवढं फेरिक क्लोराइड कमी लागतं आणि वेळही वाचतो. पॅडभोवती मात्र ०.८ मिमीची फट ठेवा, नाहीतर सोल्डर शेजारच्या तांब्यावर उडी मारतं.

सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली आणि आसपासची दुकानं इथे सगळं एका फेरीत मिळतं. इतर शहरांत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात विचारा किंवा ऑनलाइन मागवा.

तांबं लावलेला बोर्ड, म्हणजे कॉपर क्लॅड, दोन प्रकारचा मिळतो. तपकिरी रंगाचा फिनॉलिक, ज्याला दुकानात बऱ्याचदा हायलम म्हणतात, तो स्वस्त असतो आणि त्यात भोक लोण्यासारखं पडतं. पण इस्त्रीच्या उष्णतेने तो वाकतो, आणि एकाच पॅडवर दोन-तीनदा सोल्डर केलं की पॅड सुटून येतं. दुसरा फिकट हिरवट-पिवळा ग्लास इपॉक्सी, म्हणजे एफआर-४. टोनर ट्रान्सफरसाठी हाच घ्या, १.६ मिमी जाडीचा. तो बिट लवकर बोथट करतो ही त्याची एकच अडचण, तिच्यावर पुढे येऊ.

याशिवाय लागतील:

- फेरिक क्लोराइड १०० ग्रॅम, पिवळट-तपकिरी खड्यांचं
- प्लास्टिकचा पसरट डबा, आइसक्रीमचा चालेल, आणि तो मावेल असा मोठा टब
- वाफेची भोकं नसलेली साधी इस्त्री
- चकचकीत मासिकाची पानं किंवा ट्रान्सफरचा पिवळा कागद
- ४०० नंबरचा वॉटर पेपर, भांड्यांची हिरवी घासणी, भांडी घासायची पावडर
- थिनर किंवा अ‍ॅसिटोन, सुती चिंध्या, बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर
- रबरी हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा, धुळीसाठी मास्क
- छोटं ड्रिल आणि ०.८, १.०, १.३ व ३.२ मिमीचे बिट
- धुण्याचा सोडा, पाव किलो

०.८ चे बिट किमान पाच घ्या. तीन तरी तुटतीलच.

छपाई: मिररचा घोळ

प्रिंट लेझर प्रिंटरचीच हवी. टोनर म्हणजे वितळणारं प्लास्टिक, तेच तांब्यावर चिकटून त्याचं रक्षण करतं. इंकजेटची शाई पाण्याची असते, तिचा इथे उपयोग नाही. घरी लेझर प्रिंटर नसेल तर झेरॉक्सच्या दुकानात तुमचा कागद देऊन प्रिंट मागा. टोनर वाचवायचा मोड बंद आणि काळेपणा सगळ्यात जास्त, हे दोन्ही सांगायला विसरू नका.

मिररबद्दल, म्हणजे चित्र उलटं करून छापण्याबद्दल, इतका गोंधळ होतो की कारण समजून घेतलेलं बरं. सॉफ्टवेअरमध्ये बोर्ड वरून, म्हणजे पार्ट बसवायच्या बाजूने दिसतो. खालचं तांबं आपण जणू बोर्डच्या आरपार बघत असतो, त्यामुळे ते पडद्यावर आधीच उलटं दिसतं. छापलेला कागद तांब्यावर पालथा घातला की ते पुन्हा उलटतं आणि सरळ होतं. म्हणून खालच्या थरासाठी मिरर करायचं नाही. वरच्या थराचं तांबं असेल तरच मिरर करायचं. खात्रीसाठी तांब्याच्या थरावर एखादं अक्षर किंवा तुमचं नाव टाका. कागदावर ते उलटं दिसलं तर बोर्डवर सरळ येणार. कागदावर सरळ वाचता आलं तर तो कागद बाजूला ठेवा. उलटा बोर्ड झाला की ७८०५ चा इनपुट आणि आउटपुट यांची अदलाबदल होते, आणि हे सोल्डर केल्यावरच लक्षात येतं.

दुसरी चूक मापाची. प्रिंट करताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला की चित्र तीन-चार टक्क्यांनी लहान होतं आणि आयसीचे पाय शेवटच्या पॅडपर्यंत पोचत नाहीत. माप १०० टक्के ठेवा. आधी साध्या कागदावर छापा आणि त्यावर टर्मिनल ब्लॉक व ७८०५ प्रत्यक्ष ठेवून बघा. ७८०५ चे पाय २.५४ मिमी अंतरावर असतात, ते पॅडच्या मधोमध यायला हवेत.

किकॅडच्या प्रिंटमध्ये पॅडच्या मध्ये भोकाची छोटी खूण ठेवायचा पर्याय आहे, तो जरूर घ्या. एचिंगमध्ये तिथे सुईच्या टोकाएवढा खळगा पडतो आणि ड्रिलचा बिट त्यात आपोआप बसतो. एवढ्या एका गोष्टीने ड्रिलिंग अर्धं सोपं होतं.

मासिकाचं पान घेताना भडक काळी छपाई असलेलं टाळा, मजकूर असला तर हरकत नाही. ती छपाईची शाई असते, टोनर नव्हे, त्यामुळे ती तांब्यावर चिकटत नाही. छापलेल्या बाजूला बोटही लावू नका.

घासणं

बोर्ड हॅकसॉने ६४ × ४४ मिमी कापा, म्हणजे कडा कानशीने घासायला जागा राहील. कापल्यावर कडेला तांब्याची धार वर आलेली असते. ती कानशीने पूर्ण उतरवा, नाहीतर इस्त्री त्या धारेवर अधांतरी राहते आणि कडेचे ट्रॅक उतरत नाहीत.

मग तांबं वॉटर पेपरने पाणी लावून घासा, आधी आडवं, मग उभं, शेवटी गोल. आरशासारखं गुळगुळीत करू नका. बारीक ओरखडे असलेल्या तांब्याला टोनर जास्त घट्ट धरतो. नंतर हिरव्या घासणीवर भांड्यांची पावडर घेऊन एक मिनिट घासा आणि नळाखाली धुवा.

आता परीक्षा. बोर्ड आडवा धरून त्यावर पाणी ओता आणि तिरपा करा. पाण्याचा सलग पापुद्रा सगळीकडे टिकला तर तांबं स्वच्छ आहे. पाणी कुठे फाटून थेंब झाले तर तिथे तेलकटपणा आहे, पुन्हा घासा. हे जमल्यावर बोर्ड कडांनीच धरायचा, चिंधीने टिपायचा, थिनरच्या चिंधीने एकदा पुसायचा आणि लगेच कामाला घ्यायचा. दमट हवेत तासाभरात तांबं काळवंडायला लागतं.

इस्त्री

बोर्ड स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवू नका. दगड उष्णता ओढून घेतो आणि टोनर अर्धवट वितळतो. लाकडी फळीवर वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्या घालून त्यावर बोर्ड ठेवा. इस्त्री सुती कपड्यांच्या किंवा सगळ्यात जास्त खुणेवर. वाफेची इस्त्रीच असेल तर पाणी काढून टाका आणि तिच्या तळाची भोकं बोर्डवर येणार नाहीत असा भाग वापरा. भोकाखालचा टोनर थंडच राहतो आणि बोर्डवर नेमके गोल डाग पडतात.

कागद पालथा ठेवून एका कडेला मागे दुमडा म्हणजे सरकणार नाही. इस्त्री सरळ खाली टेकवा आणि न हलवता ३० सेकंद अंगाचा भार देऊन दाबा. या अर्ध्या मिनिटात कागद जागेवर चिकटतो. आधीच फिरवायला सुरुवात केली की कागद केसभर सरकतो आणि सगळे ट्रॅक दुहेरी दिसतात. त्यानंतर इस्त्रीचं टोक हळूहळू फिरवा, कडांना आणि कोपऱ्यांना जास्त वेळ द्या. ६० × ४० च्या बोर्डला एकूण तीन ते चार मिनिटं पुरतात. कागदावरून ट्रॅकचा उठाव पुसट दिसायला लागला की झालं.

टोनर किती तापमानाला वितळतो ते प्रिंटरप्रमाणे बदलतं, म्हणून पहिल्यांदा बोर्डच्या एखाद्या तुकड्यावर करून बघा. ट्रॅक पसरून एकमेकांना चिकटले तर उष्णता किंवा दाब जास्त झाला. कागदाबरोबर टोनर सुटून आला तर कमी झाला, किंवा बोर्ड स्वच्छ नव्हता.

मासिकाचा कागद असेल तर गरम बोर्ड कोमट पाण्यात टाका, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. पंधरा मिनिटं हात लावू नका. मग अंगठ्याने गोल चोळत कागदाचा लगदा काढा. ओढून काढायचा मोह टाळा. ट्रॅकच्या वर कागदाचे पांढरट धागे राहिले तर चालतं. दोन ट्रॅकच्या मध्ये आणि पॅडच्या खळग्यात राहिलेले चालत नाहीत, तिथे द्रावण पोचत नाही. ते जुन्या टूथब्रशने काढा. पिवळा ट्रान्सफर कागद असेल तर बोर्ड पूर्ण थंड होऊ द्या, कागद आपोआप सुटतो.

आता भिंगाखाली बघा. तुटलेला ट्रॅक मार्करने दोनदा भरा, पहिला थर वाळल्यावर दुसरा. चिकटलेले ट्रॅक सुईने खरवडून वेगळे करा. चारपेक्षा जास्त ठिकाणी दुरुस्ती लागत असेल तर थिनरने सगळं पुसा आणि घासण्यापासून पुन्हा सुरुवात करा. त्यात अर्धा तास जातो. एचिंग झाल्यावर मात्र चूक सुधारायची म्हणजे तांब्याची तार सोल्डर करत बसावं लागतं.

एचिंग

द्रावण असं बनवा: प्लास्टिकच्या डब्यात २०० मिली कोमट पाणी घ्या आणि त्यात १०० ग्रॅम खडे थोडे थोडे टाकत प्लास्टिकच्या चमच्याने ढवळा. नेहमी पाण्यात खडे, खड्यांवर पाणी कधीही नाही. काही दुकानांत काळी कोरडी पूड मिळते, ती पाण्यात पडताच चर्र आवाज करून खूप तापते आणि झोंबणारी वाफ सोडते. ती मिळाली तर पाणी थंड घ्या आणि एकावेळी अर्धा चमचाच टाका. खिडकी उघडी, चष्मा आणि हातमोजे घातलेले. डोळ्यात थेंब गेला तर नळाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं, धातूचं कोणतंच नाही. स्टीलच्या सिंकवर थेंब पडून राहिला तर खड्डा पडतो, अ‍ॅल्युमिनियमशी तर प्रक्रिया इतकी जोरात होते की द्रावण उकळायला लागतं. कपड्यांवरचा पिवळा डाग धुण्याने जात नाही. जुने कपडे घाला, फरशीवर वर्तमानपत्र पसरा.

द्रावण ४० ते ४५ अंशांवर सगळ्यात चांगलं चालतं. डबा गरम पाण्याच्या टबात ठेवा, थेट गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. या तापमानाला ताज्या द्रावणात डबा हलवत राहिलं तर ३५ मायक्रॉन तांबं साधारण १० मिनिटांत निघतं. २५ अंशांना अर्धा तास लागतो. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरच्या सकाळी द्रावण न तापवता बसलात तर तासभरही जातो, आणि तेवढ्या वेळात टोनरच्या कडांखाली द्रावण शिरून ट्रॅक बारीक होतात. म्हणून तापवणं टाळू नका.

बोर्ड तिरपा सोडा, म्हणजे खाली हवेचा बुडबुडा अडकत नाही. पंधरा-वीस सेकंदांनी प्लास्टिकच्या चिमट्याने बाहेर काढून बघा. उघडं तांबं सगळीकडे सारखं मंद, गुलाबीसर, निस्तेज झालेलं दिसायला हवं. एखादा भाग अजून चकाकत असेल तर तिथे टोनरचा पुसट थर, कागदाची खळ किंवा बोटाचं तेल आहे. लगेच धुवा, तेवढा भाग हळूच साफ करा आणि मग पुन्हा सोडा. या वीस सेकंदांच्या तपासणीने जितके बोर्ड वाचतात तितके दुसऱ्या कशानेच वाचत नाहीत.

मग डब्याची एक बाजू उचलत-टेकवत राहा. तांब्याजवळचं द्रावण लवकर थकतं, ते सतत बदलत राहायला हवं. तांबं कडांकडून आधी जातं, मध्यभागी आणि मोठ्या मोकळ्या जागांत शेवटी. शेवटच्या दोन मिनिटांत बोर्ड धुऊन दिव्यासमोर धरा. एफआर-४ मधून उजेड हिरवट दिसतो आणि राहिलेलं तांबं काळ्या ढगासारखं उठून दिसतं. शेवटचा ढग गेला की तीस सेकंदांत बाहेर काढा. आणखी ठेवलं तर ट्रॅक आतून खाल्ले जातात.

बोर्ड आधी एका बादलीतल्या पाण्यात बुडवा, मग नळाखाली धुवा. बादलीतलं पाणी ठेवा, ते पुढे लागेल. टोनर थिनरच्या चिंधीने पुसा, पण शक्य असेल तर ड्रिलिंग होईपर्यंत तसाच राहू द्या. तांबं हातांच्या घामापासून वाचतं.

द्रावण किती वापरता येईल याचा हिशोब सोपा आहे. ६० × ४० मिमीच्या बोर्डवर एकूण पाऊण ग्रॅम तांबं असतं, त्यातलं अर्धं-पाऊण निघतं. १०० ग्रॅम खडे कागदावरच्या हिशोबाने ११ ग्रॅमहून जास्त तांबं विरघळवतात, पण निम्म्यावर आले की वेग इतका मंदावतो की वापरणं परवडत नाही. म्हणजे या आकाराचे आठ-दहा बोर्ड धरून चाला. थकलेलं द्रावण तपकिरीऐवजी गडद हिरवं दिसतं.

उरलेलं द्रावण जाड प्लास्टिकच्या बाटलीत, प्लास्टिकच्या झाकणाने, मोठ्या अक्षरांत 'विष' लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. थंड पेयाची बाटली कधीही वापरू नका, द्रावणाचा रंग तसाच दिसतो. खड्यांची पिशवी पावसाळ्यात हवाबंद ठेवा. कोकणात जुलै महिन्यात उघड्या पिशवीतले खडे ओलावा ओढून चार दिवसांत चिखल होतात आणि कपाटातले स्क्रू-पक्कड गंजवतात.

थकलेलं द्रावण मोरीत किंवा नाल्यात ओतायचं नाही. त्यातलं तांबं मासे आणि पाण्यातल्या इतर जीवांना मारतं. मोठ्या बादलीत द्रावण आणि धुतलेलं पाणी एकत्र करा आणि धुण्याचा सोडा चमच्या-चमच्याने टाका. फेस भराभर वर येतो, म्हणून बादली तीन चतुर्थांश रिकामी हवी. १०० ग्रॅम खड्यांच्या द्रावणाला ७५ ते १०० ग्रॅम कोरडा सोडा लागतो. फेस यायचा थांबला की दोन दिवस निवळू द्या. वरचं पाणी रंगहीन झालं नाही, निळसर-हिरवट राहिलं, तर आणखी सोडा. तळाचा गाळ वाळवून सिमेंटमध्ये कालवून गोळा करा आणि घरगुती घातक कचऱ्यात वेगळा द्या.

ड्रिलिंग

बिट दोन प्रकारचे. हाय स्पीड स्टीलचे स्वस्त आणि लवचीक असतात, पण एफआर-४ मधल्या काचेच्या धाग्यांनी काही डझन भोकांत बोथट होतात. टंगस्टन कार्बाइडचे धार टिकवतात, पण काचेसारखे ठिसूळ. हात जरा तिरपा झाला की कट् करून तुटतात. म्हणून साधा नियम: ड्रिल हातात धरणार असाल तर स्टील, उभा स्टँड असेल तर कार्बाइड. स्टँड घेता येत असेल तर अवश्य घ्या, पहिल्याच बोर्डला फरक कळतो.

सुरू करण्याआधी बिट चालू ड्रिलवर बाजूने बघा. टोक एका जागी स्थिर दिसायला हवं. ते गोल फिरताना धूसर दिसलं तर चकमध्ये, म्हणजे ड्रिलच्या बिट धरणाऱ्या भागात, बिट वाकडा बसलाय, काढून पुन्हा बसवा. तसाच वापरला तर भोक मोठं पडेल आणि बिटही मोडेल.

कोणत्या भोकाला कोणता बिट: पायाच्या जाडीपेक्षा ०.२ ते ०.३ मिमी जास्त. या बोर्डमध्ये कॅपॅसिटर, रेझिस्टर आणि एलईडीची १२ भोकं ०.८ ची. डायोडची ८ भोकं १.० ची, १एन४००७ चे पाय ०.८ मध्ये अडकतात. ७८०५ ची तीन आणि टर्मिनल ब्लॉकची चार १.३ ची. आधी सगळीकडे ०.८ चं भोक पाडा आणि मग मोठी करा, केंद्र चुकत नाही.

बोर्डची तांब्याची बाजू वर ठेवा आणि खाली एमडीएफचा किंवा लाकडाचा सपाट तुकडा, मध्ये फट न ठेवता. बिट जिथून बाहेर पडतो तिथे तो साहित्य ढकलत जातो. तांबं खाली असेल तर पॅड बोर्डपासून उचललं जातं, कधी नुसतं सैल होतं आणि सोल्डर करताना हातात येतं.

बिटचं टोक खळग्यात टेकवा, ड्रिल सरळ उभं धरा, मग चालू करा. दाब हलका, वेग पूर्ण. चांगला बिट दीड-दोन सेकंदांत आरपार जातो आणि लाकडात शिरताना हाताला जाणवतो. बाहेर काढतानाही ड्रिल चालूच आणि सरळच ठेवा. बहुतेक बिट आत जाताना नव्हे, तर बाहेर येताना हात तिरपा झाल्याने तुटतात. जोर लावावा लागतोय, किंचाळल्यासारखा आवाज येतोय, भोकाभोवती पांढरट कडं दिसतंय किंवा तांब्याची कड वर उचलली जातेय, यातलं काहीही दिसलं की बिट बोथट झाला, बदला.

एफआर-४ ची धूळ म्हणजे काचेच्या धाग्यांची पूड. मास्क लावा, तोंडाने फुंकर मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. धुळीने हात खाजतात, आधी थंड पाण्याने धुवा आणि मग साबण लावा. चष्मा इथेही हवाच, तुटलेल्या बिटचा तुकडा कुठेही उडतो.

कोपऱ्यांची भोकं १.० ने सुरू करून ३.२ पर्यंत वाढवा, त्यात ३ मिमीचा स्क्रू बसतो. थेट ३.२ चा बिट लावला तर तो तांब्यावर नाचतो आणि शेजारचा ट्रॅक खरवडतो.

सोल्डरिंगच्या आधी आणि नंतर

टोनर पुसा, घासणी फिरवा, बोर्ड कोरडा करा. १० ग्रॅम राळ ५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर विरघळवा आणि ब्रशने तांब्यावर एक पातळ हात मारा. तासाभरात वाळतं. हा थर तांब्याला काळवंडू देत नाही आणि सोल्डर करताना फ्लक्सचं, म्हणजे सोल्डर नीट चिकटवायचं, काम करतो.

पार्ट लावण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड तपासायच्या खुणेवर) ठेवून प्रत्येक ट्रॅकची दोन्ही टोकं तपासा, बीप यायला हवा. मग शेजारशेजारचे ट्रॅक तपासा, बीप यायला नको. केसाएवढं तांबं राहिलं असेल तर कटरच्या पात्याने कापा. डोळ्यांना न दिसणारी बारीक भेग असेल तर ट्रॅकवर सोल्डरचा थर द्या किंवा तार टाका.

डायोडची पट्टी आणि मोठ्या कॅपॅसिटरची उणे बाजू दोनदा बघा. उलटा लावलेला इलेक्ट्रोलायटिक फुगतो आणि फुटतो. ट्रान्सफॉर्मर जोडल्यावर काही लोड न लावता मोठ्या कॅपॅसिटरवर ११ ते १४ व्होल्ट डीसी आणि आउटपुटला ४.८ ते ५.२ व्होल्ट यायला हवेत. आउटपुटला जवळजवळ इनपुटएवढेच व्होल्ट दिसले तर लगेच बंद करा आणि ७८०५ च्या मधल्या पायाचं पॅड भिंगाखाली बघा. तो पाय ग्राउंडला जोडलेला नसला की असंच होतं, आणि भोक पाडताना उचललं गेलेलं पॅड हे त्याचं नेहमीचं कारण. पाय आणि ग्राउंडचं तांबं यांच्यात तारेचा छोटा तुकडा सोल्डर करा, मग पुन्हा मोजा.